पावसातला लाँग रन: भीती पावसाची नको, साचलेल्या पाण्याची हवी

जुलै उजाडला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, पावसात धावलेलं चालतं का हो?"

विचारणारे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात आई, बायको किंवा सासूबाई. "याला जरा तुम्हीच सांगा. रविवारी पहाटे पाचला निघतो, तीन तासांनी चिंब भिजून येतो. एक दिवस न्यूमोनिया घेऊन बसेल." दुसऱ्या प्रकारात स्वतः धावणारे. त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्यांना फक्त डॉक्टरांचा शिक्का हवा असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पावसात धावायला माझी हरकत नाही. मी स्वतः ठाण्यात गेली बारा वर्षं पावसाळ्यात धावतो आहे. माझी हरकत आहे ती साचलेल्या पाण्यातून धावण्याला. आपण नेमकं उलटं करतो. डोकं भिजू नये म्हणून टोपी घालतो आणि घोटाभर गढूळ पाण्यातून हसत हसत पलीकडे जातो. हे मत मी पुस्तक वाचून बनवलेलं नाही. माझी एक चूक त्यामागे आहे, म्हणून आधी ती सांगतो.

त्या रविवारी काय झालं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नऊ जण साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करत होतो. ती स्पर्धा साधारण सप्टेंबरच्या आसपास असते, यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेने चढायचं आणि परत यायचं. म्हणजे तयारीचे सगळे मोठे रविवार भर पावसाळ्यात येतात. त्या दिवशी अठरा किलोमीटर ठरले होते. उपवनहून निघालो तेव्हा रिमझिम होती. बारा किलोमीटर झाल्यावर आभाळ फाटलं. परतीच्या वाटेवर एका सखल चौकात पाणी साचलं होतं, कुठे घोट्यापर्यंत, कुठे पोटरीपर्यंत. सगळे थबकले. वळसा घेतला असता तर दोन किलोमीटर वाढणार होते.

ग्रुपमध्ये डॉक्टर मी एकटाच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चला रे, पाच मिनिटांचं काम." आणि पाण्यात पहिलं पाऊल मीच टाकलं.

आमच्यातला एक जण, चाळिशीतला, बँकेत नोकरी करणारा. (त्याच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्याच्या टाचेला बुटाने फोड आला होता आणि तो वाटेतच फुटला होता. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला. "अंगात ताप आहे, थंडी वाजून आली, आणि पोटऱ्या प्रचंड दुखताहेत." मी विचारलं, "काल धावलास का?" तो म्हणाला, "हो, आठ किलोमीटर." मी म्हणालो, "व्हायरल चालू आहे सगळीकडे. पॅरासिटामॉल घे. पोटऱ्यांचं काय, रविवारचे अठरा आणि वर कालचे आठ, दुखणारच."

त्याने पॅरासिटामॉल घेतलं. पोटऱ्या थांबेनात म्हणून धावण्याच्या बॅगेत नेहमी असणारी वेदनाशामक गोळीही घेतली, दिवसाला दोन अशा तीन दिवस. सोमवारी सकाळी त्याची बायको त्याला घेऊन आली. डोळे लालबुंद. लघवी कमी आणि गडद. मी पोटरीला हात लावला तर तो कळवळला. रक्तात प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन चढलेलं. त्याच दिवशी दाखल केलं. निदान झालं लेप्टोस्पायरोसिस. दोनदा डायलिसिस करावं लागलं. अकरा दिवसांनी तो घरी आला आणि आज अगदी ठणठणीत आहे. पण त्या अकरा दिवसांतले पहिले चार दिवस त्याच्या बायकोशी नजर मिळवताना मला काय वाटत होतं, ते मलाच ठाऊक.

बाकी आठ जणांना काहीच झालं नाही. मलाही नाही. इथेच फसगत होते. आठ जणांना काही झालं नाही म्हणजे पाणी बरं होतं असा अर्थ आपण काढतो. पाणी तेच होतं, फक्त आमच्या टाचा शाबूत होत्या.

लेप्टो धावणाऱ्याला कसा फसवतो

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा वळलेला अगदी बारीक जिवाणू. उंदीर, घुशी, कुत्री, डुकरं, गाई-म्हशी यांच्या मूत्रपिंडात तो राहतो आणि लघवीतून बाहेर पडतो. उन्हाळ्यात कोरड्या मातीत तो फार टिकत नाही. पावसाळ्यात मात्र त्याला हवं ते सगळं मिळतं: ओलावा, ऊब आणि गटारातून रस्त्यावर आलेलं पाणी. आपल्या शरीरात तो तोंडावाटे जाऊ शकतो, डोळ्यांच्या आणि नाकाच्या आतल्या अस्तरातून जाऊ शकतो. पण त्याची आवडती वाट म्हणजे फाटलेली त्वचा.

आता दोन तास पावसात धावलेल्या माणसाचे पाय डोळ्यांसमोर आणा. मोजे भिजलेले. बोटांच्या बेचक्यात त्वचा पांढरी, मऊ, सुरकुतलेली. टाचेवर फोड. मांड्या आतून काचलेल्या. चिखल्या झालेल्या असतील तर बोटांमध्ये भेगाही असतात. साधा पादचारी पाण्यातून जातो तेव्हा त्याची त्वचा बहुधा अखंड असते. धावणारा जातो तेव्हा त्याने दारं आधीच उघडून ठेवलेली असतात.

दुसरी फसगत लक्षणांची. पाण्याशी संपर्क आल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत आजार उमटतो, कधी दोन दिवसांत, तर कधी महिनाभरानेही. अचानक ताप, थंडी, डोकेदुखी, डोळे लाल, आणि पोटऱ्या व कंबर भयंकर दुखणं. पोटऱ्या दुखणं ही या आजाराची जुनी ओळखीची खूण आहे. पण धावणाऱ्याच्या पोटऱ्या दुखल्या तर त्याला नवल वाटत नाही. उलट तो मनातून थोडा खूशच होतो, मेहनत झाली म्हणून. ज्या लक्षणाने सावध व्हायचं, तेच लक्षण धावण्याच्या खात्यात जमा होतं. माझ्यासारख्या डॉक्टरकडूनही ते झालं.

म्हणून फरक नीट समजून घ्या. धावण्याने येणारी स्नायूंची दुखी साधारण चोवीस ते बहात्तर तासांत सर्वांत जास्त असते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरते. जरा चाललं, अंग गरम झालं की ती सैल पडते. लेप्टोची दुखी बहुतेक वेळा दुखणं ओसरायला हवं तेव्हा सुरू होते, तापाबरोबर येते, आणि पोटरी नुसती दाबली तरी जीव जातो. याहून सोपं सूत्र हवं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: लाँग रनने दोन-चार दिवसांनी ताप येत नाही. पावसाळ्यात धावणाऱ्याला ताप आला तर तो आजाराचा ताप, आणि त्याची तपासणी व्हायला हवी. मलेरिया आणि डेंग्यूही याच दिवसांत असतात.

आणि त्या वेदनाशामक गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. शरीरात पाणी कमी, वरून लेप्टो आणि त्यावर ही गोळी, असं तिहेरी ओझं किडनीवर पडतं. डेंग्यूत याच गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात ताप असताना निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तेही मोजून. धावण्याच्या बॅगेतून ती दुसरी पट्टी काढून टाका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

लेप्टो लवकर ओळखला तर अगदी साध्या, स्वस्त प्रतिजैविकांनी बरा होतो. उशीर झाला तर कावीळ, किडनी बंद पडणं, फुफ्फुसात रक्तस्राव इथपर्यंत जातो. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर "ताप आहे" एवढं सांगून थांबू नका. "आठ दिवसांपूर्वी साचलेल्या पाण्यातून गेलो होतो" हे वाक्य आठवणीने सांगा. त्या एका वाक्याने डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलते. मला त्या शुक्रवारी ते सांगायचीही गरज नव्हती, मी स्वतः त्याच पाण्यात होतो. तरी मला सुचलं नाही.

पाण्यातून जावंच लागलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली. तेव्हापासून मोठा पाऊस झाला की मुंबईत आरोग्य खात्याकडून सूचना निघते: साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी चोवीस ते बहात्तर तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं. प्रौढांसाठी ते औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन. एकदाच पाण्यातून गेलात आणि जखम नव्हती, तर दोनशे मिलिग्रॅमचा एक डोस. जखम असेल तर तीन दिवस. वारंवार पाण्यात उतरावं लागत असेल तर आठवड्यातून एकदा, सहा आठवडे.

हे वाचून औषधाच्या दुकानाकडे धावू नका. गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरं असतं. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला व्रण पडतो. दूध, लोहाची गोळी किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध हिच्यासोबत नको. आणि मुख्य म्हणजे, दर रविवारी पाण्यातून धावायचं आणि दर सोमवारी गोळी खायची, हा प्रतिबंध नव्हे. प्रतिजैविक हा रेनकोट नाही.

घरी आल्यावर पाय साबणाने स्वच्छ धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, फोड-खरचटलेलं पाहा. घाण पाण्यात खोल जखम झाली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मग पावसाने सर्दी होत नाही का?

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. सर्दी विषाणूंमुळे होते, पावसाच्या पाण्यामुळे नाही. पण आईचं म्हणणं पूर्ण चुकीचंही नाही. २००५ साली ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांनी ९० जणांना वीस मिनिटं थंडगार पाण्यात पाय बुडवून बसवलं आणि दुसऱ्या ९० जणांना रिकाम्या टबात. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्या गटात ५ जणांनी. अंग गार पडल्याने आधीच नाकात शिरलेल्या विषाणूला वाव मिळत असावा, असा त्यांचा तर्क होता. तात्पर्य इतकंच: धावताना भिजण्यापेक्षा धावून झाल्यावर ओल्या कपड्यांत टपरीवर अर्धा तास चहा पीत गप्पा मारणं जास्त वाईट. धावताना शरीर स्वतःच भट्टी असतं. थांबलात की भट्टी विझते आणि ओले कपडे अंगातली उष्णता शोषत राहतात. म्हणून कोरडा टी-शर्ट आणि टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा. आधी कपडे बदला, मग चहा.

ठाण्या-मुंबईत पावसातही तापमान पंचवीसच्या आसपास असतं, त्यामुळे इथे गारठून धोका होणं दुर्मीळ. पण महाबळेश्वर, लोणावळा, कासच्या पठारावर वारा, धुकं आणि पाऊस एकत्र येतात. तिथे पाय मुरगळून अर्धा तास बसावं लागलं तर दात वाजू लागतात. हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २२ मे २०२१ ला चीनमधल्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक वादळी वारा, गारा आणि गार पाऊस आला आणि २१ धावपटू दगावले. त्यांत देशातले नावाजलेले धावपटूही होते. अंगावर पातळ कपडे, आडोसा नाही, मदत लांब. घाटात धावायला जाताना पातळ जॅकेट आणि चालू मोबाइल हवाच. थरथर सुरू झाली, बोलणं अडखळू लागलं, हात नीट चालेनात, तर तिथेच थांबवून माणसाला कोरडं करा, पांघरूण घाला आणि खाली आणा.

भिजलेल्या अंगालाही पाणी लागतं

पावसाळ्यातला दुसरा गैरसमज पाण्याचा. गारवा आहे, मग घाम कुठे येतो? येतो, फक्त दिसत नाही. साधारण हिशेब सांगतो. पासष्ट किलोचा माणूस एक किलोमीटर धावला की जवळजवळ पासष्ट किलोकॅलरी खर्च होतात. अठरा किलोमीटरला सुमारे अकराशे सत्तर. यातला जेमतेम पाव भाग हालचालीला लागतो, बाकीची उष्णता. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण हवेत दमटपणा ऐंशी-नव्वद टक्के असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. सर कोसळत असताना पावसाचं पाणीच अंग गार ठेवतं. सर थांबली, वारा पडला की तोच रस्ता वाफेच्या खोलीसारखा होतो. त्या वेळी वेग कमी करा. घड्याळातला नेहमीचा वेग पावसाळ्यात जमलाच पाहिजे असा काही नियम नाही.

किती घाम गेला हे कळायला सोपा उपाय आहे. धावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा अंग पुसून, कोरड्या कपड्यांत वजन करा. समजा ६५ होतं ते ६३.८ झालं आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, तर १.७ लिटर घाम गेला. हे भर पावसात. दोन-तीन रविवार असं केलंत की तुमचा स्वतःचा आकडा मिळेल.

पण म्हणून बाटलीमागून बाटली रिचवू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम कमी आढळलं, आणि धावताना ज्यांचं वजन कमी होण्याऐवजी वाढलं होतं त्यांत हे जास्त होतं. तहान लागेल तसं प्या, दीड तासाच्या वर धावणार असाल तर त्यात मीठ-साखर असू द्या. लिंबू सरबत चालतं, ओआरएस चालतं.

वीज, खड्डे आणि गाड्या

मेघगर्जना ऐकू आली म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते एवढ्या अंतरावर आहे. टेकडी, मैदान, एकटं झाड, तिन्ही जागा सोडा. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. महाराष्ट्रात विजांचं प्रमाण मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात जास्त असतं, म्हणजे नेमकं मॅरेथॉनची तयारी रंगात येते त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे अ‍ॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते मोबाइलमध्ये असू द्या. हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर माझ्या मते चर्चाच नको, रन रद्द.

रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक ओले झाले की साबणासारखे होतात. विजेचे खांब, फीडर पिलर यांना हात लावू नका. कानात गाणी नकोत. पहाटे अंधारात, ओल्या काचेमागून गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही, म्हणून चमकणारी पट्टी किंवा जाकीट हवं.

आणि पाण्याखाली काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक ज्येष्ठ डॉक्टर पाण्यातून घरी चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता, शहर ठप्प होतं. आपण मात्र हौसेने त्या पाण्यात उतरतो.

माझं म्हणणं एवढंच

या विषयावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, पावसाळ्यात धावूच नका. हे मला मान्य नाही. चार महिने घरी बसून वाढणारी साखर आणि रक्तदाब मी रोज पाहतो. दुसरं म्हणतं, सबब नको, पाऊस असो वा पूर, रन झालाच पाहिजे. धावण्याच्या ग्रुपमध्ये या मताला टाळ्या मिळतात, गुडघाभर पाण्यातल्या फोटोला शंभर अंगठे मिळतात. हे तर मला अजिबातच मान्य नाही.

कोकणातला शेतकरी भातलावणीला चिखलात उतरतो, सफाई कामगार तुंबलेलं गटार मोकळं करायला उतरतो, दूधवाला पाण्यातून दूध पोचवतो. लेप्टोचा सर्वांत मोठा भार हीच माणसं उचलतात, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. त्यांना पर्याय नसतो. आपल्याला असतो. जो धोका ते नाइलाजाने पत्करतात, तो आपण पदकासाठी आणि फोटोसाठी पत्करावा यात शौर्य कसलं? रस्त्यावर पाणी तुंबू नये, कचरा आणि उंदीर कमी व्हावेत, हे नगरपालिकेला विचारायलाच हवं. पण त्याचं उत्तर येईपर्यंत कुठून धावायचं ते आपल्या हातात आहे.

एक रन चुकला तर काय बिघडतं? शरीराच्या दृष्टीने, काहीच नाही. दमश्वासाची क्षमता जाणवण्याइतकी घसरायला साधारण दोन आठवड्यांची पूर्ण विश्रांती लागते. एका रविवारने ती जात नाही. जाते ती फक्त वहीतली सलग नोंद. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी वीस आठवड्यांचा आराखडा केला तर तो ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, म्हणजे पहिले पाच-सहा रविवार पावसाचेच. म्हणून प्रशिक्षकांना माझी सूचना आहे: आराखड्यात दोन रविवार आधीच 'पावसाचे' म्हणून मोकळे ठेवा. मग रद्द करताना कुणाला अपराधी वाटणार नाही.

आमच्या ग्रुपने त्या घटनेनंतर तीन नियम केले, ते तुम्हालाही देतो.

एक, रस्त्याचा तळ दिसला पाहिजे. पाण्याखालचं डांबर दिसत नसेल तर वळसा किंवा माघार. वळसा दोन किलोमीटरचा असला तरी.

दोन, लांब सरळ मार्ग नको. पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्या चढावरच्या फेऱ्या मारायच्या. कंटाळा येतो, पण कुठल्याही क्षणी घर जवळ असतं. पाणी चढतंय का तेही दर फेरीला कळतं.

तीन, "परत फिरू या" असं एकाने जरी म्हटलं तरी सगळे फिरतात. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही. मग तो नवखा असो की डॉक्टर.

तिसरा नियम माझ्यासाठी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी चौकात कुणीतरी मागून हळूच "वळसा घेऊ या का?" म्हणालं होतं. मी ऐकलं होतं आणि तरी पुढे गेलो. ज्याने विचारलं होतं, त्याच्याच टाचेला फोड होता.

गेल्या रविवारी पुन्हा तोच चौक, तसंच पाणी. तो माझ्या बाजूलाच धावत होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही, डावीकडे वळलो. वीस किलोमीटर झाले, बावीस म्हणून लिहिणारे लिहोत, आम्ही दोन जास्तीचे धावून सुखरूप घरी आलो. कोरडे मोजे घातले आणि मग चहा घेतला.

तुम्हीही धावा. भिजा. फक्त पाय कुठे पडतोय तेवढं बघा, आणि आठवड्याभरात ताप आला तर पोटऱ्यांना दोष देऊ नका, डॉक्टरांकडे जा.